नावाला सदस्य

मी क्लबची सदस्य झाले तेव्हा माझे दोन्ही हात कणकेत होते. नवरा स्वयंपाकघराच्या दारात कागद आणि पेन घेऊन उभा होता आणि त्याला घाई होती.

"सही कर गं पटकन."

"कशावर?"

"क्लबच्या कागदावर. तुला काही यायबियायची गरज नाही. नुसतं नावाला."

"मग माझं नाव तरी कशाला पाहिजे?" मी मुद्दाम विचारलं.

"नावच पाहिजे," तो म्हणाला. "तू नको."

लग्नाला बरीच वर्षं झाली की माणसं असं खरं बोलून जातात. मी हात धुतले, सही केली आणि पोळ्यांना लागले. त्याला वाटलं, विषय संपला.

माझ्या नवऱ्याचं शिरूरमध्ये पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. नव्या मोटारी विकतो, जळालेल्यांना नवी तार भरून देतो. दुपारी तो जेवायला आला की गल्ल्यावर मी बसते. गावातल्या समाजसेवेच्या क्लबात तो लग्नाआधीपासून होता. क्लबात बहुतेक दुकानदार, दोन-तीन डॉक्टर, एक-दोन निवृत्त मास्तर. शनिवारी संध्याकाळी मंगल कार्यालयाच्या मागच्या हॉलमध्ये मिटिंग व्हायची. मिटिंगमध्ये ते एकमेकांचा सत्कार करायचे. कोणाला नातू झाला, सत्कार. कोणी नवीन गाडी घेतली, सत्कार. आमच्या घरात एक कप्पा नुसत्या शालींचा होता आणि नारळ तर मी विकत आणायचे विसरूनच गेले होते. वर्षातून एकदा डोळे तपासणीचं शिबिर आणि शाळेत वह्यावाटप, एवढी सेवा उरकली की पुन्हा सत्कार.

अध्यक्ष होते आप्पा. एके काळचे कांद्याचे मोठे व्यापारी, आता सगळं मुलांच्या हातात. आप्पांना अख्खा बाजार ओळखायचा आणि आप्पांना ते आवडायचं. दर वर्षी निवडणूक व्हायची, म्हणजे कोणीतरी "आप्पाच" असं म्हणायचं आणि बाकीचे टाळ्या वाजवायचे.

मार्केट यार्डामागे क्लबचं एक गोडाऊन होतं. रांजणगावच्या एका कारखान्यानं क्लबला रुग्णांसाठी सामान दिलं होतं: खाली-वर होणाऱ्या कॉट, व्हीलचेअर, वॉकर. लोकांना गरजेपुरतं वापरायला द्यायचं, बरं झालं की परत घ्यायचं, अशी कल्पना होती. उद्घाटनाला फीत कापली, फोटो काढले आणि सामानावरचं प्लास्टिक तसंच ठेवून कुलूप लावलं. चावी आप्पांकडे. कोणी मागायला गेलं की आप्पा म्हणायचे, "तसं कसं देता येईल. ठराव लागतो."

असं सगळं सुखात चाललं होतं. पण सदस्य कमी होत गेले. काही जण मुलांकडे पुण्याला राहायला गेले, काही देवाघरी गेले, आणि नवीन पोरं सत्कार बघायला येईनात. एक दिवस वरून, म्हणजे क्लबच्याच प्रांताच्या ऑफिसातून निरोप आला की तुमची संख्या फारच घटली आहे, अशीच राहिली तर शिरूरचा क्लब दौंडच्या क्लबात विलीन करावा लागेल.

आता माझं माहेर दौंडचं. वडील रेल्वेत होते, आणि माझा धाकटा भाऊ दौंडच्या त्याच क्लबात. त्याचा मला फोन आला. "ताई, तुमच्या मंडळींना सांग, सतरंज्या-खुर्च्या आमच्याकडं भरपूर हायेत. येताना नुसतं या." मी हा निरोप नवऱ्याला जेवताना दिला. थोडं तिखटमीठ लावलंच. त्यानं दुसरी भाकरी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी गल्लीत दोघं क्लबवाले भेटले की एकच बोलणं, दौंडच्या हाताखाली जायचं का आपण. तेवढ्यात हॉलमध्ये कोणाचं तरी लग्न निघालं आणि त्या शनिवारची मिटिंग आमच्या गच्चीवर आली. मी चहा-पोहे घेऊन वर-खाली करत होते, त्यामुळे जे झालं ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

प्रांतानं एक पत्रक पाठवलं होतं. संख्या वाढवायला सदस्यत्व लवचिक करा, असं त्यात लिहिलं होतं. आप्पांनी ते चष्म्यातून वाचलं, मग चष्मा काढून वाचलं.

"लवचिक म्हंजी काय? रबरावानी?"

माझ्या नवऱ्यानं समजावलं. एका घरातून दुसरं माणूस आलं तर त्याला अर्धी वर्गणी. एखाद्या कंपनीनं सदस्यत्व घेतलं तर तिचं माणूस येणार. आणि ज्याला मिटिंगला जमत नाही त्यानं नुसतं काम करावं किंवा फोनवरून हजर राहावं, तरी तो सदस्य.

आप्पांनी पत्रकाची घडी घातली. मग म्हणाले, "म्हंजी आलं न्हाई तरी सदस्य. मंग आपण इतकी वर्सं येडे म्हणून येत हुतो व्हय?"

तेवढ्यात दाताचे डॉक्टर म्हणाले, "आपापल्या बायकांची नावं घालू की. अर्ध्या वर्गणीत काम होतंय."

गच्चीवर एकदम आनंद पसरला. इतका साधा उपाय आपल्याला आधी कसा सुचला नाही असं जो तो म्हणायला लागला. आप्पांनी शंका काढली, "पर त्या मिटिंगला आल्या म्हंजी?"

"कशाला येतील आप्पा. नावालाच."

मी त्यांच्या हातात कप देत होते. आप्पांनी मलाच विचारलं, "काय गं पोरी, येशील का तू मिटिंगला?"

"मला कुठला वेळ आप्पा," मी म्हणाले. तेव्हा ते खरंच होतं.

अशा रीतीनं आठवड्याभरात क्लब वाढला. घरोघरी सह्या झाल्या. कारेगावच्या एका कंपनीनंही सदस्यत्व घेतलं. तिथल्या साहेबांना स्वतः यायचं नव्हतं, म्हणून त्यांनी तपासणी विभागातल्या एका मुलीचं नाव देऊन टाकलं. ती लातूरकडची, कारेगावात मैत्रिणींबरोबर खोली करून राहणारी. तिचीही सही अशीच शिफ्ट सुटताना घेतली होती.

मग एके दुपारी मी दुकानात बसले होते. समोर निमोण्याचे एक मामा जळालेली मोटार मांडीवर घेऊन बसले होते, आणि फोन वाजला. प्रांताच्या ऑफिसातल्या बाई होत्या. नवीन सदस्यांचं स्वागत करायची त्यांच्याकडे पद्धत होती. अभिनंदन वगैरे झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्हाला तुमच्या मिस्टरांइतकेच सगळे अधिकार आहेत बरं का. ठराव मांडता येतो, मत देता येतं."

"पण वर्गणी तर अर्धी आहे."

त्या हसल्या. "वर्गणी अर्धी करता येते ताई. मत अर्धं करायची सोय नाहीये."

फोन ठेवला तर मामा विचारत होते, "काय झालं, हसताय का?" मी म्हणाले, "काही नाही मामा. मोटार चालू झाली." त्यांनी मांडीवरच्या मोटारीकडे बघितलं.

मी नवऱ्याला काही सांगितलं नाही. संध्याकाळी लिंबाच्या लोणच्याची बरणी घेतली आणि आप्पांच्या घरी गेले. आप्पा बाहेर गेले होते, हे मी आधी बघून घेतलं होतं. आप्पांच्या बायकोला सगळे आक्का म्हणतात. सत्तरी गाठलेली, कमी बोलणारी बाई. तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं.

"मला?" आक्का म्हणाल्या. "मत?"

"तुम्हाला."

"ह्यांच्याएवढंच?"

"तेवढंच."

आक्कांनी एक खडा काढून बाजूला ठेवला. मग हळूहळू बोलायला लागल्या. त्यांची थोरली बहीण निमोण्याला असते. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं, आणि आता ती जमिनीवर अंथरूण टाकून पडली होती. उठवताना दोन माणसं लागायची आणि ती ओरडायची. आक्कांनी आप्पांना म्हटलं होतं, तुमच्या त्या गोडाऊनमधली एक कॉट द्या. तर आप्पा बायकोलाही म्हणाले, ठराव लागतो.

"ठराव कराय मत लागतं न्हवं?" आक्कांनी विचारलं.

"लागतं."

"मंग करू की," त्या म्हणाल्या आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या.

उन्हाळा होता. आक्कांच्या अंगणात पापड लाटायला आम्ही सगळ्या जमायच्याच, त्यामुळे कोणाला संशय आला नाही. दाताच्या डॉक्टरांची बायको, खजिनदारांची बायको, आणि सुट्टी होती म्हणून कारेगावची ती मुलगीही आली. तिला पापड लाटता येत नव्हते, ती वाळत घालत होती. मी फोनची गोष्ट सांगितली. डॉक्टरांची बायको घाबरली. "अगं पण आपण नुसती सही केलीय."

खजिनदारांची बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिनं लाटणं खाली ठेवलं. "आमच्या बौद्धवाड्यात लहान पोराला विचारलं तरी तो सांगंल, मत कशाला म्हणतात ते. माझे वडील आजारी असले तरी मतदान चुकवायचे नाहीत. मत मिळालं आणि वापरलं नाही, तर मला माहेरी तोंड दाखवता येणार नाही."

मग कारेगावची मुलगी बोलली. तिच्या शेजारच्या खोलीत बिहारची पोरं राहायची. त्यातल्या एकाचा पाय मशीनमध्ये सापडला होता. "त्याला संडासला न्यायला बाकीचे पाळी लावायलेत," ती म्हणाली. "एक कुर्सी भेटली तर बरं होईल. पण मागायचं कुणाला, तेच माहीत नाही." आपण ज्या क्लबात आहोत त्याच्याकडेच तशा खुर्च्या आहेत, हे तिला त्या अंगणातच कळलं.

आप्पांना त्या वेळी एकाच गोष्टीचा ध्यास लागला होता. नगर रस्त्यावर, गावात शिरताना, क्लबची स्वागत कमान. दोन्ही खांबांवर आजवरच्या अध्यक्षांची नावं. वार्षिक सभेत तो ठराव यायचा होता. सभेच्या दिवशी आम्ही घरी सांगितलं की बाजारात साड्यांचा सेल लागलाय. हे अगदीच खोटं नव्हतं. सेल होता, आम्ही गेलो नाही.

पुरुष मंडळी हॉलमध्ये स्थिरस्थावर झाली आणि आम्ही टेम्पोतून उतरलो. आक्का सगळ्यांच्या पुढे, पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन. आम्ही मागच्या रांगेत न बसता मधल्या रांगेत बसलो.

आप्पा म्हणाले, "आज काय बायकांचा कार्यक्रम हाय का?"

"मिटिंगला आलोय आप्पा," मी म्हणाले.

माझा नवरा वळून माझ्याकडे बघत होता. त्याच्या मनात बरंच काही आलं असणार, पण तोंडातून एकच शब्द आला. "जेवण?"

"ओट्यावर झाकून ठेवलंय."

आप्पांनी ठराव वाचला. कमान, तिची उंची, खांबांचा रंग. आणि सवयीप्रमाणे मान वर न करताच म्हणाले, "सर्वानुमते मंजूर."

मी उभी राहिले. "आप्पा, हात वर करून मोजा."

इतक्या वर्षांत असं कोणी म्हटलं नव्हतं. आप्पांनी खजिनदारांकडे बघितलं. खजिनदारांनी बायकोकडे बघितलं आणि म्हणाले, "नियमात आहे आप्पा तसं." मग आप्पांनी जरा कडक आवाजात विचारलं, "ठीक हाय. कमान नको असं कुणाला वाटतंय?"

आमचे हात वर गेले. कारेगावच्या मुलीनं तर उभी राहून हात वर केला. आक्का मात्र तशाच बसून होत्या, हात मांडीवर. मला वाटलं, गेलं. संसाराची इतकी वर्षं त्या माणसाचं ताट वाढलेली बाई, भर सभेत कशी उलटेल. मग त्यांनी आधी पदर सारखा केला आणि बांगड्या मागे सरकवून हात वर धरला.

"तू बी?" आप्पांनी विचारलं.

"व्हय."

"का पर?"

"कमानीवर माझी बहीण झोपंल का?"

खजिनदारांनी हळूच हात वर केला. तेवढ्यात माझ्या नवऱ्याचाही हात वर गेलेला दिसला. आपण कान खाजवत होतो असं तो आजही सांगतो. मी तो मोजला.

नको म्हणणारे हात जास्त भरले आणि कमानीचा ठराव पडला. लगेच शिक्षिकाबाईंनी दुसरा ठराव मांडला. गोडाऊन उघडायचं, आणि सामान एका जागी कोंडायचं नाही. जिथं जिथं आपले सदस्य आहेत, तिथं थोडं थोडं ठेवायचं. एक खुर्ची कारेगावात, एक कॉट न्हावऱ्याला, म्हणजे माणसाला शिरूरपर्यंत यायला नको आणि कोणाच्या सवडीची वाट बघायला नको. आणि मिटिंग शनिवारी संध्याकाळी नको, मंगळवारी दुपारी. ज्याला शिफ्ट असेल त्यानं फोनवरून बोलावं. तोही मंजूर झाला. आता पुरुषही हात वर करायला लागले होते, वारं बघून.

आप्पांनी खिशातून चावी काढून टेबलावर ठेवली. "मी राजीनामा देतो," ते म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

"तुम्ही व्हा म्होरं," आक्का म्हणाल्या. "मी आलेच. भाजी गरम करून घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोडाऊन उघडलं. प्लास्टिक उंदरांनी कुरतडलं होतं आणि एका कॉटवर मांजरी व्याली होती. ती कॉट आम्ही तिला राहू दिली, दुसरी पुसून टेम्पोत चढवली आणि आक्कांना घेऊन निमोण्याला गेलो. आक्कांच्या बहिणीला चौघींनी उचलून कॉटवर ठेवलं. हँडल फिरवलं तशी ती हळूहळू उठून बसती झाली. महिन्याभरानंतर पहिल्यांदाच तिला दारातून बाहेरचं दिसत होतं. आम्ही सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"लई उंच हाय ही," ती म्हणाली. "पडले बिडले म्हंजी?"

आक्का तिला रागवल्या आणि मग दोघी बहिणी रडल्या. आम्ही बाहेर जाऊन उभ्या राहिलो.

कारेगावला खुर्ची त्याच संध्याकाळी गेली. शिक्षिकाबाई अध्यक्ष झाल्या. आक्कांना आम्ही खूप आग्रह केला होता, पण त्या म्हणाल्या, "मला सारखं भाषण करावं लागंल. मला मत पुरं."

आप्पा मात्र रुसले. बाजारात येईनात, क्लबचा माणूस दिसला की रस्ता बदलायचे. घरात आक्कांशी बोलायचे, पण नातवामार्फत. मला वाईट वाटायला लागलं. शिवाय त्यांनी वर्गणी भरली नव्हती, आणि क्लबचा संस्थापक माणूसच बाहेर, हे कोणालाच बरं वाटत नव्हतं. मी पुन्हा लोणचं घेऊन गेले. या वेळी आप्पा घरी आहेत हे बघून.

"मी काय आता येत न्हाई," आप्पा आधीच म्हणाले.

"नका येऊ. आता सगळं लवचिक आहे."

त्यांनी झोपाळा थांबवला आणि कान माझ्याकडे केला. मी म्हणाले, "तुमची वर्गणी आली नाही, म्हणून पूर्ण वर्गणी भरून आता आक्का मुख्य सदस्य आहेत. त्यांच्या घरातलं दुसरं माणूस म्हणून तुमचं नाव घालता येतं."

"म्हंजी मी हिच्या खाली?"

"खाली नाही आप्पा. बरोबर."

आप्पा झोपाळ्यावर पुढे-मागे झाले. व्यापारी माणूस. "आन् वर्गणी?"

"अर्धी."

आतून आक्कांचा आवाज आला, "नातवाला इचारा, त्यांना काय म्हणायचं हाय." आप्पांच्या मिशीखाली काहीतरी हललं. पेन त्यांनी स्वतःच मागितलं.

एकदा आत आल्यावर ते गप्प बसणारे नव्हते. सामान मागायला येणारे फोन आप्पांनी स्वतःकडे घेतले. आता ठराव लागत नाही, पण चौकशी लागते. कुठलं गाव, कुणाचे तुम्ही, पाय कसा मोडला, कुठल्या डॉक्टरला दाखवलं. खुर्ची मिळेपर्यंत माणूस थकून जातो, पण खुर्ची मिळते. आणि परत आलं नाही की आप्पा वसुलीला निघतात.

अलीकडचीच गोष्ट. न्हावऱ्याचे एक आबा वॉकर घेऊन गेले होते, बरे होऊन बरेच दिवस झाले तरी परत देईनात. आप्पा मला म्हणाले, चल. आम्ही टेम्पो घेऊन गेलो. आबा शेतात होते, खुरपं हातात, पायानं ठणठणीत. वॉकर गोठ्यात होता. त्याला वासरू बांधलं होतं.

आप्पांचा आवाज चढला. "हे काय हाय?"

आबांच्या घरधनीण पुढं आल्या. "भाऊ, खुंटीला दावं लावलं की सुटून आईला पितंय. ह्याला बांधलं की गप ऱ्हातंय. कसं सुटत न्हाई बघा."

आप्पांनी वासराकडे बघितलं, वॉकरकडे बघितलं आणि शेजारच्या कांदाचाळीकडे त्यांची नजर गेली. एक कांदा उचलून त्यांनी दाबून बघितला. झालं. मग कांद्यावर बोलणं सुरू झालं ते चहा होऊन दूध काढून झालं तरी संपेना. मी गोठ्यापाशी उभी राहून कंटाळले. निघालो तेव्हा माझ्या हातात दुधाची किटली होती, आप्पांच्या खिशात आबांची सही होती, आणि वॉकर गोठ्यातच.

"आप्पा, आपण वॉकर आणायला आलो होतो."

"माणूस बैलगाडीवाला हाय," आप्पा म्हणाले. "ह्या बाजूच्या कॉट पोचवील म्हणतोय. वर्गणी न्हाई देत, काम देतो म्हणाला. हाय न्हवं तसा प्रकार?"

"आहे."

"मंग ऱ्हाऊ दे वॉकर. वासरू मोठं झालं की आणू."

पुढच्या मंगळवारी आबा मिटिंगला आले. बायकोलाही घेऊन आले, तिनं शिरूर बाजारात काम काढलं होतं. शिक्षिकाबाईंनी दोघांचं स्वागत केलं, शाल वगैरे काही नाही, नुसता चहा. कारेगावची मुलगी फोनवरून बोलत होती, मागून मशीनचा आवाज येत होता. आबा मागच्या खुर्चीवर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि पंख्याखाली पहिल्या ठरावालाच झोपले. त्यांच्या बायकोनं मात्र शेवटपर्यंत ऐकलं आणि निघताना मला विचारलं, "मी बी हिकडं येत जाऊ का? मला काय करावं लागंल?"